बेटाचा तळ

चहाच्या आधी विहीर दाखवा, असं म्हणणारा पाहुणा मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचा, त्यामुळे मला तो पुष्कळ पाहावा लागला.

सरांच्या पिशवीत जेवणाचा डबा, एक जाड वही, गवंड्याचा ओळंबा आणि हाताहातावर गाठी मारलेली दोरी असे. कोणाच्याही घरी गेले की ओसरीवर टेकायच्या आधी ते विहिरीकडे जात. ओळंबा एका कडेला सोडत, मग मध्ये, मग दुसऱ्या कडेला. मग वहीत त्या विहिरीच्या तळाचं चित्र काढत. विहिरीत पाणी किती आहे हे सगळेच बघतात. सर पाण्याखाली काय आहे ते बघायचे. कशासाठी, असं विचारलं की एकच उत्तर मिळे, "पाणी वर काय करणार ते तळ ठरवतो." हे उत्तर मी पंधरा वर्षांत शेकडो वेळा ऐकलं असेल. ते फार खोल आहे की नुसतंच ओलं आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अवसरी बुद्रुकला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडायला वेळ होता, म्हणून सर मळ्यातल्या विहिरीवर गेले आणि ओणवे होऊन दोरी सोडू लागले. वऱ्हाडातल्या एका धिप्पाड माणसानं ते पाहिलं आणि धावत जाऊन त्यांना कमरेला मिठी मारली.

"आवो पावणं, काय झालं ते बोला तरी! लग्नाच्या घरात असलं काय करू नका राव!"

"सोडा हो, नऊ हात झालेत. गाठ चुकेल."

"नऊ हातात कोणी मरत न्हाई, नुसतं मोडतंय! चला, जेवाया चला!"

मुलीचा मामा मानपानावरून रुसला आणि विहिरीत उडी टाकायला निघाला, अशी बातमी मांडवभर झाली. खऱ्या मामांना दिवसभर लोक समजावत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं.

आमचं गाव मंचर आणि घोडेगाव यांच्या मध्ये, घोड नदीच्या काठी. सर जुन्नरहून दोन एसट्या बदलून यायचे. मी नव्वदच्या दशकात मराठीचा शिक्षक म्हणून तिथं रुजू झालो तेव्हा मुलं त्यांना पाठीमागे 'बूडसर' म्हणत असत. सरांना ते ठाऊक होतं. "निदान विषय कळलाय त्यांना," असं ते म्हणत.

त्यांच्या फळ्यावरच्या समुद्राला पाणी नसे. अरबी समुद्र म्हणजे कोरडे डोंगर, दऱ्या आणि त्यांमधून वर आलेले सुळके. एरवी जगभर जिथं निळा खडू लागतो तिथं हे तपकिरी वापरायचे. स्वतः त्यांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. एकदा सहल अलिबागला न्यायचं ठरलं तेव्हा ते आले नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाले, "वरून सगळे समुद्र सारखेच दिसतात. बघायचं काय त्यात?"

'त्सुनामी' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला, आणि तेव्हा तो शब्द महाराष्ट्रात फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. समुद्राच्या तळाला धरणीकंप झाला की ही लाट निघते, असं ते सांगत. भर समुद्रात ती हात-दोन हात उंच असते आणि विमानासारखी पळते. वरून जाणाऱ्या बोटीला कळतही नाही. उथळ पाण्यात शिरली की मात्र तिचे पाय तळाला अडखळतात. "मंचरच्या स्टँडवर एसटीच्या दारात काय होतं? पुढचा अडकतो, मागचे येतच राहतात, आणि मग माणसं एकमेकांच्या खांद्यावर. पाण्याचंही तसंच." किनाऱ्यासमोर लांबवर उथळ तळ असेल तर लाटेला असं चढायला जागा मिळते. पण खोल पाण्यातून भिंतीसारखं सरळ वर आलेलं बेट असेल तर अडखळायला जागाच नसते. लाट फारशी उंच न होता बाजूनं निघून जाते. मुलं हे लिहून घेत. परीक्षेत ते कधी येत नसे.

शिक्षण खात्यातले एक साहेब तपासणीला आले असताना त्यांनी विचारलं, "हे पाठ्यपुस्तकात आहे का?"

सर म्हणाले, "साहेब, लाटेनं पाठ्यपुस्तक वाचलेलं नाही."

हेडमास्तरांनी घाईघाईनं चहा मागवला. चहावर साहेब मोठ्या मनानं म्हणाले की प्रत्यक्ष उपक्रम दाखवाल तर मी येईन. आणि ते खरंच आले. एप्रिल संपत आला होता, डिंभे धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं आणि बुडालेली भातखाचरं चिखलासकट उघडी पडली होती. सरांनी एका जागी पाण्यातून उभा चढलेला कातळ निवडला, समोर सपाट खाचर. मुलांना दोन्हीकडे उभं केलं आणि वरच्या कड्यावरून सहा धटिंगणांकडून पहारीनं एक धोंडा पाण्यात लोटवला. कातळावर पाणी वीतभर चढलं आणि उतरलं. खाचराकडे ते संथपणे आलं आणि येतच राहिलं. साहेब खाचरातच उभे होते, कारण तिथं उभं राहणं सोयीचं होतं. त्यांचे नवे बूट भरले.

"लिहून घ्या," सर ओरडले, "साहेबांचे बूट!"

अहवालात 'उपक्रम स्तुत्य, परंतु पूर्वकल्पना द्यावी' असा शेरा आला. मला विचाराल तर त्या दिवशी मला दोन्ही लाटा सारख्याच वाटल्या होत्या.

आता हौसाबाई. पाचवीच्या मुलांना शाळेत खिचडी मिळू लागली तेव्हा ती शिजवायला त्या आल्या. माहेर वरच्या अंगाला, आहुप्याच्या वाटेवर. ते धरणात गेलं. नवरा लवकर गेला आणि एकुलता एक दत्ता आमच्याच शाळेत शिकून आयटीआयला जाऊन प्लंबर झाला. दोन हजार तीन साली तो शाळेत पेढे घेऊन आला. त्याला मालदीवमध्ये, एका छोट्या बेटावरच्या हॉटेलात काम मिळालं होतं. सरांचे डोळे भरून आले. आपला एक विद्यार्थी त्या तपकिरी सुळक्यावर प्रत्यक्ष उभा राहणार, ही कल्पनाच त्यांना झेपेना.

दत्ता म्हणाला, "सर, आईला जरा सांगा. ती घाबरती पाण्याला."

सर तडक खिचडीच्या शेडमध्ये गेले. मीही गेलो. हौसाबाईंची मोठी परात आणि मोठं पातेलं त्यांनी पाण्यानं भरून घेतलं. परातीला हलका धक्का दिला. पाणी पसरट काठावरून बाहेर सांडलं. पातेल्याला दिला, पाणी उभ्या कडेवर आपटून मागं फिरलं. "दत्ताचं बेट असं आहे, बाहेरून पातेल्यासारखं. कडा सरळ उभी. कळलं?"

"म्हंजी बेटात पानी चढत न्हाई?"

"येईल. पण चढणार नाही."

"मग जाऊ द्या," हौसाबाई म्हणाल्या, "आता माजं पातेलं द्या, पोरं खोळंबल्यात."

त्या दिवशी खिचडी उशिरा झाली आणि दत्ता महिन्याभरात गेला. पासपोर्ट वगैरे भानगडी त्यानं पुण्यात राहून उरकल्या होत्या. अधूनमधून गावातल्या बूथवर त्याचा फोन यायचा. दिवाळीला तो आला नाही तेव्हा बायका हौसाबाईंना म्हणाल्या, "एवढ्या जवळ असून पोरगं येत न्हाई?" त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. यायला हवा होता. मी भाषेचा शिक्षक होतो.

दोन हजार चारचा डिसेंबर, सव्वीस तारीख, रविवार. टीव्हीवर दिवसभर काय दाखवत होते ते सगळ्यांना आठवत असेल. सोमवारी सर पहिल्या एसटीनं आले. दाढी केलेली नव्हती. स्टाफरूममध्ये वही उघडून ते माझ्यासमोर बसले.

"मी लाटेची उंची काढली होती," ते म्हणाले. "बेटाची उंची विचारलीच नाही."

"म्हणजे?"

"ती बेटं पोवळ्यांची. समुद्रसपाटीपासून पुरुषभर वर. काही तेवढीही नाहीत. लाट मोठी होणार नाही हे खरं. पण बुटक्या माणसाला बुडवायला मोठी लाट कशाला लागते?"

काल दिवसभर जुन्नरच्या बूथवरून त्यांनी फोन लावला होता. लागला नव्हता. मी म्हणालो, हौसाबाईंना धीर द्यायला हवा. आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. हौसाबाई तांदूळ निवडत होत्या आणि अगदी शांत होत्या.

"हौसाबाई, धीर धरा," सर म्हणाले.

"कशाचा वो?"

"दत्ताचा फोन लागत नाहीये."

"न्हाईच लागायचा. तिकडं लाईट कुटं आसती? आमच्या थोरल्या दिराची सोयरीक हाय कवठ्याला, ती बी तेच म्हंत्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "कवठ्याला म्हणजे?"

"आवो बेटातलं कवठं. शिरूरचं. दत्ता तिकडंच हाय की. सरांनीच न्हाई का दावलं पातेल्यात?"

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मध्ये शिरूर तालुक्याची जी गावं आहेत त्या भागाला आमच्याकडे बेट म्हणतात. तिथं ऊस होतो. एसटीनं दीड-दोन तास लागतात. दत्तानं आईला 'बेटावर नोकरी लागली' एवढंच सांगितलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. पुढचं काम मराठी भाषेनं केलं होतं. घोड नदीला पूर आला तर पोरगं वाहून जाईल का, एवढीच हौसाबाईंची काळजी होती आणि सरांनी ती पातेल्यानं मिटवली होती. वर्षभर या बाई निर्धास्त होत्या, आणि आम्हाला वाटत होतं की त्या धीराच्या आहेत.

आम्ही बाहेर आलो. सर माझ्यावरच उखडले. "हा तुमच्या विषयाचा घोळ आहे! एका शब्दाला दोन-दोन अर्थ ठेवता कशाला?" जणू ते मी कपाटात ठेवले होते.

मी म्हणालो, "सर, सांगू नका. फोन येऊ दे, मग सांगू."

"आणि नाही आला तर?"

मी शेडच्या दाराकडे पाहिलं.

"माझ्या सांगण्यावर तिनं त्याला सोडला," सर म्हणाले, "आणि तिला कुठं ते माहीत नव्हतं." मग ते आत गेले. या वेळी त्यांनी कशाला हात लावला नाही, काही आकृती काढली नाही. दत्ता समुद्रातल्या बेटावर आहे आणि टीव्हीवर दाखवतात ते पाणी तिकडेही गेलंय, एवढं सांगितलं.

हौसाबाईंनी सुपातले तांदूळ सारखे केले.

"समुद्रात?"

"हो."

"चारी अंगानं पानी?"

"हो."

"मग नोटीस न्हाई दिली कोनी?" त्यांनी विचारलं. "पानी यायच्या आधी तलाठी येतो. आमच्या आईच्या घराला दोन वर्षं आधी आला व्हता."

त्यांनी आयुष्यात जे पाणी चढताना पाहिलं होतं ते सांगून आलं होतं, कागद घेऊन. सर म्हणाले, "तिथं तलाठी नाही, हौसाबाई."

"मग तितल्या लोकांना सांगनार कोन?"

हौसाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी," त्या हळू म्हणाल्या, "तुमी मला काय सांगत व्हता, अन् मी काय ऐकत व्हते?"

मग त्यांनी खिचडी केली. मुलं जेवली. त्या घरी गेल्या आणि तीन दिवस आल्या नाहीत.

त्या तीन दिवसांत गावात जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. दत्ता बेटावर आहे आणि बेटात पाणी शिरलंय, एवढंच लोकांपर्यंत पोचलं. कुकडीचा कालवा फुटला असं कोणी म्हणालं. शिरूरकडच्या सोयऱ्यांना बूथवरून फोन गेले. तिकडचे लोक उलट यांनाच विचारू लागले की आमच्याकडे काय झालंय. हौसाबाईंनी आपल्या थोरल्या दिरांना स्वतः सगळं समजावून सांगितलं होतं, तरी ते मोटारसायकल काढून कवठ्याला जाऊन आले. तिथं सगळं कोरडं होतं. परत येऊन चावडीवर त्यांनी सांगितलं, "बेट ठीक हाय. दत्ताच न्हाई." ते ऐकून दोन घरांत रडारड सुरू झाली.

सर तास संपला की बूथसमोरच्या बाकावर जाऊन बसत. मी सोबत बसे. ते वहीत पुन्हा पुन्हा तेच बेट काढत, कड्यासारखं, आणि त्यावर पाण्याची रेघ कधी वर, कधी खाली. "वाचला असेल," ते म्हणत. थोड्या वेळानं, "तसं नक्की नाही." विहिरींचे तळ बोटाच्या हिशोबानं सांगणारा हा माणूस एक रेघ चारदा खोडत होता. लोक येता-जाता विचारत, "काय सर, सुनामी काय म्हंती?" ते 'त्सु' म्हणा, असं सांगायचंही विसरले होते.

गुरुवारी दुपारी फोन आला. बूथवाला हौसाबाईंना घेऊन धावत आला, निम्मं गाव मागं. हौसाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आम्हाला वाटलं त्या रडतील.

"मेल्या, कोन्च्या बेटात हाय रं तू?" त्या कडाडल्या, आणि मग मात्र खाली बसल्या.

नंतर सरांनी फोन घेतला. 'कसा आहेस' हे विचारायच्या आधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाणी कोणत्या बाजूनं आलं?" आणि ते स्वतःच ओशाळले. दत्तानं सांगितलं ते असं. तो पाण्याच्या टाकीवर चढून व्हॉल्व्ह दुरुस्त करत होता. मोठी लाट वगैरे दिसलीच नाही. धरण भरावं तसं पाणी वाढत गेलं, कमरेएवढं झालं, बेट ओलांडून पलीकडे गेलं. लोक पलीकडच्या बाजूला पळाले तर वळसा घालून तिकडूनही पाणी आलं. मग सगळे छपरांवर चढले. त्याच्या हॉटेलातले सगळे वाचले. शेजारच्या बेटावरची काही माणसं गेली होती.

सरांनी फोन ठेवला. "वळसा घालतं," ते मला म्हणाले. "मी म्हणालो होतो बाजूनं निघून जातं. बाजूनं जाऊन मागून येतं, हे मी बोललोच नव्हतो."

गावानं मात्र आपला निष्कर्ष काढला होता. सरांना हे आधीपासून माहीत होतं, सरांच्या गणितानं पोरगं वाचलं! सव्वीस जानेवारीला सत्कार ठरला. संस्थेच्या अध्यक्षांना त्सुनामी या विषयावर पाऊण तास बोलण्यासारखं बरंच सापडलं. त्यात संस्थेच्या नव्या इमारतीचाही उल्लेख होता. शाल, श्रीफळ, आणि 'सागरतळतज्ज्ञ' असं लिहिलेलं मानपत्र. सर उभे राहिले.

"माझं अर्धं बरोबर होतं," ते म्हणाले. "पाणी फार उंच झालं नाही. उरलेलं अर्धं चूक होतं. मी सांगितलं तसा दत्ता पाणी चढणार नाही म्हणून खाली बसून राहिला असता, तर आज इथं दुसरीच सभा असती."

"केवढा हा विनय!" अध्यक्ष माइकशिवाय मोठ्यानं म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. सर गोंधळून खाली बसले. आपण कबुली दिली की भाषण केलं, हे त्यांना त्या टाळ्यांतून कळेना.

फेब्रुवारीत दत्ता रजेवर आला. मालकानं हॉटेल पुन्हा उभं करायला घेतलं होतं, त्याला परत बोलावलं होतं. एका दुपारी मुलं जेवून गेल्यावर हौसाबाई स्टाफरूमच्या दाराशी आल्या. आत आम्ही दोघंच होतो.

"सर, पोरगं परत जायाचं म्हंतंय. या बारीला मला ठाव हाय कुटं ते. मालदीव." तो शब्द त्यांनी पाठ केला होता. "धाडू का नको?"

सरांच्या समोर वही होती. त्यांनी ती उघडली नाही. मला वाटलं आता सुरू होणार, कड, उतार, पोवळं, वळसा. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी त्या बेटांवर मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. आमच्या तालुक्यात त्या क्षणी या विषयावर त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही, हौसाबाई," ते म्हणाले.

"न्हाई माहीत?"

"असं पाणी उद्या येईल, किंवा शंभर वर्षं येणार नाही. आलं तर किती, ते थोडंफार सांगता येईल. जाऊ द्यावं की नाही, ते मला माहीत नाही."

हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मला त्यांची दया आली. एवढ्या आशेनं आलेल्या बाईला हे उत्तर. पण त्यांचा चेहरा सैल झाला होता.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "मागल्या बारीला तुमी लई ठाम बोलला. मला वाटलं, शिकल्याल्या मानसाला कळतंय अन् मी एकटीच भितीया. तुमाला बी ठाव न्हाई म्हंजी भ्यायला हरकत न्हाई. आता त्यालाच ईचारते. त्याला कोनी ईचारलंच न्हाई अजून."

त्या गेल्या. पंधरा दिवसांनी दत्ताही गेला. तिकडे जाऊन त्यानं पहिल्याच फोनमध्ये आईला बेटाचं नाव, लांबी, रुंदी आणि टाकीची उंची सांगितली, आणि हौसाबाईंनी ते सगळं गावाला ऐकवलं.

सरांनी 'माहीत नाही' म्हणणं मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराभव होता की ते तेव्हा कुठं शिक्षक झाले, याचा मला उलगडा होत नाही. त्यांना विचारायला हवं होतं, पण निवृत्तीनंतर ते जुन्नरला गेले आणि मी बदलून दुसरीकडे. एवढं मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या दुपारनंतर हौसाबाई सरांचं सगळं ऐकायला लागल्या.